जखम बधिर करण्याआधी बोटं तपासणाऱ्या डॉक्टरांस

सप्रेम नमस्कार,

काचेनं मनगट कापलेला रुग्ण तुमच्या अपघात विभागातून आमच्याकडे शस्त्रक्रियेला येतो, तेव्हा केसपेपरवर एक ओळ असते : 'भूल देण्यापूर्वी तर्जनीच्या टोकाला स्पर्श कळत नाही, करंगळीला कळतो.' त्या ओळीबद्दल मनापासून आभार. एकदा लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं की बधिरपणा औषधाचा की तुटलेल्या नसेचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

बोटं वाकतात म्हणून फसगत होते. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांना जाणाऱ्या फांद्या मनगटाच्या बऱ्याच वर फुटतात. त्यामुळे अंगठा आणि तर्जनीला स्पर्श पुरवणारी मीडियन नस मनगटाशी पूर्ण तुटली तरी मूठ वळते. तुम्ही मात्र तळहात वर ठेवून अंगठा छताकडे उचलायला लावता, मग बोटं फाकवायला सांगता. पहिली चाचणी मीडियन नसेची, दुसरी करंगळीच्या बाजूच्या अल्नर नसेची. मूल रडत असेल तर बोटाच्या टोकाचा घाम पाहता, कारण नस तुटली की तिथली कातडी कोरडी पडते.

जखमेत आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) न घातल्याबद्दल तर आभार मानावेत तेवढे थोडे. करंगळीच्या बाजूला अल्नर धमनी आणि नस अगदी खेटून जातात. रक्ताची चिळकांडी पाहून आंधळेपणानं चिमटा लावला की नसही चेंगरते. तुम्ही हात उंच धरून 10 मिनिटं घट्ट दाबून ठेवता.

त्यानं काय वाचतं? प्रत्येक ॲक्सॉनभोवती (नसेतल्या बारीक तंतूभोवती) एंडोन्यूरियम नावाचं आवरण, त्यांच्या जुडीभोवती पेरिन्यूरियम आणि सगळ्या जुड्यांवर एपिन्यूरियम, अशी नसेची बांधणी. धारदार काप असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली जुडीसमोर जुडी आणून 9-0 या अतिशय बारीक नायलॉन धाग्यानं टाके घालता येतात. चेंगरलेली टोकं मात्र निरोगी जुड्या दिसेपर्यंत छाटावी लागतात; मग अंतर पडतं आणि बहुधा पायाची सुरल नस कलम म्हणून काढावी लागते. जोडल्यावरही ॲक्सॉन दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहाएक महिने.

याउलट, प्लास्टर किंवा टूर्निकेटच्या (रक्त थांबवायला आवळलेल्या पट्ट्याच्या) दाबानं फक्त मायलिन, म्हणजे ॲक्सॉनवरचं वेष्टन, दुखावलं असेल, तर बहुतेकदा 12 आठवड्यांत नस आपोआप सुधारते. ब्रिटिश शल्यचिकित्सक सेडन यांनी 1943 मध्ये त्याला न्यूराप्रॅक्सिया म्हटलं.

एक विनंती. दंडाचं हाड मोडलं असेल तर ते बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर मनगट वर उचलतं का, हे वेळेसह लिहा. रेडियल नस त्या हाडाला लागूनच जाते. आधी उचलत होतं आणि नंतर पडलं, तर नस हाडात अडकल्याची शंका घ्यावी लागते आणि आमचा निर्णय बदलू शकतो.

आपले,
हस्तशल्यचिकित्सा विभागातील सहकारी