काकांच्या ऑपरेशनबद्दल

प्रिय सच्या,

काल रात्री पाठवलेस ते काकांचे रिपोर्ट तीन वेळा बघितले, फोनवर मला नीट बोलता आलं नसतं म्हणून लिहूनच टाकतोय. तू एवढंच विचारलंस, लिव्हर सिरोसिसने एवढं खराब असताना बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन केलं तर बाबा वाचतील का. मी भूल देणारा माणूस, मला हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं, पण काकांचं नाव आलं की हात थरथरतो रे.

दिवाळीत आलो होतो तेव्हा काका खोकले की तळवा आपोआप बेंबीवर जायचा. शर्ट वर करून बघितलं तर लिंबाएवढा फुगवटा, वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकाकणारी. मला खरी भीती त्या कातडीची आहे.

आम्ही आधी चाइल्ड-प्यू मोजतो, म्हणजे लिव्हर किती खराब आहे त्याचे गुण, ए सगळ्यात बरा आणि सी सगळ्यात वाईट. बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं) २.४ चे २ गुण, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) २.९ चे २, आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) १.५ चा १, पोटात थोडं पाणी त्याचे २, आणि डोकं एकदम शाबूत त्याचा १. झाले ८, म्हणजे बी. जुन्या अभ्यासांमध्ये सिरोसिसवाल्यांच्या पोटाच्या ऑपरेशननंतर ए मधले शंभरात साधारण १०, बी मधले ३० आणि सी मधले ७५-८० दगावले होते. दुसरा आकडा मेल्ड, जितका जास्त तितका धोका जास्त, तो बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिनवरून (किडनीची तपासणी) काढतात, काकांचा १४ येतोय. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००७ मध्ये ऑपरेशन झालेल्या ७७२ सिरोसिसवाल्यांचा हिशोब मांडला, त्यात मेल्ड १२ ते १५ वाले महिन्याभरात चारात एक गेले.

हे वाचून लगेच नाही म्हणू नकोस. ती पोटाची, हाडांची, हृदयाची मोठी ऑपरेशन्स होती, बेंबीचा हर्निया त्यापेक्षा छोटं काम. म्हणूनच आता व्होकल-पेन नावाचा स्कोअर वापरतात, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांच्या डेटावरून बनवलेला, त्यात ऑपरेशन कुठलं आणि ठरवून केलं की इमर्जन्सीत तेही धरतात. सर्जनला सांग तो काढून द्या. तरी तो आकडा अशा शंभर जणांचा असतो, एकट्या काकांचं त्यातून कळत नाही.

इमर्जन्सीचं का म्हणतोय ते सांगतो. मी शिकत होतो तेव्हा एक पेशंट आले, ओपीडीत त्यांना आठ महिने आधी "लिव्हर खराब आहे, हात लावायचा नाही" म्हणून परत पाठवलं होतं. ना स्कोअर काढला ना पाणी कमी करायचं बघितलं. मग एका रात्री खोकता खोकता बेंबी फुटली, लुंगी भिजून पाणी जमिनीवर, ऑपरेशन टेबलवर आले तेव्हा बीपी लागत नव्हतं, क्रिएटिनिन चढलेलं. नवव्या दिवशी गेले. त्यांच्या बायकोने विचारलं आधी केलं असतं तर, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही माझा.

म्हणून काकांचं आत्ताच ठरवायला हवं, पण उद्याच नाही. आधी पाणी आटोक्यात आणू, मीठ कमी, गोळ्या, लागलं तर टॅपिंग, म्हणजे सुईने पोटातलं पाणी काढून वरून अल्ब्युमिन, कारण पोट तुडुंब असताना टाके घातले तर जखमेतून पाणी गळतं आणि इन्फेक्शन होतं. लिव्हरचा डॉक्टर जिथे आहे, ट्रान्सप्लांटचं मत मिळेल अशाच ठिकाणी करू, म्हणजे ऑपरेशननंतर लिव्हर ढासळलंच तर पुढचा रस्ता माहीत असेल. मध्येच कातडी काळवंडली, जखम झाली किंवा फुगवटा आत जाईनासा होऊन दुखायला लागला तर रात्र असो की पहाट, सरळ निघा.

काकूंना सांग डाळ, अंडं, दूध बंद करू नका, शेजारी काहीही म्हणोत, काकांचे दंड बघितलेस ना किती उतरलेत, रात्री झोपताना थोडं खायला द्या. आणि अंगदुखीला ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम घरात ठेवूच नकोस, किडनीला लागतं.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. एंडोस्कोपीची फाइल काढून ठेव आणि सोडियमचा रिपोर्ट त्यात दिसला नाही, तो शनिवारी करून घे. काकांशी मीच बोलेन, सगळे आकडे त्यांच्यासमोरच मांडू, पोट त्यांचं आहे.

तुझा,
पश्या