सर्व्हेअरचा हिशेब घरमालकाला दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वाशिष्ठी नदीतला गाळ किती निघाला, निळी आणि लाल पूररेषा कुठून गेली, यावर आमच्या चिपळुणात चर्चा सुरू होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर ज्यांच्या राहत्या घराला विमा होता त्यांच्या पदरात काय पडले, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. बाजारपेठेतल्या दुकानांच्या दाव्यांची निदान बातमी झाली. घराचा दावा घरमालक आणि कंपनी यांच्यातल्या पत्रव्यवहारातच विरून गेला.

सरकारने त्या वेळी पूरग्रस्त कुटुंबाला कपडे आणि भांडीकुंडी यांसाठी 10 हजार रुपये, तर पूर्ण पडलेल्या घरासाठी दीड लाख रुपये जाहीर केले. ही मदत होती. एवढ्यात घर पुन्हा उभे राहील असे सरकारलाही वाटले नसावे. तळमजल्यात पुरुषभर पाणी शिरून गेल्यावर गिलावा, वायरिंग, दारे-खिडक्या आणि फर्निचर नव्याने करायचे, तर मध्यमवर्गीय माणसाला विम्यावाचून आधार नाही. महसूल खात्याचे पंचनामे ग्राह्य धरून कंपन्यांनी निम्मी रक्कम तातडीने द्यावी, असा आग्रह राज्य सरकारने तेव्हा धरला होता व तो रास्तच होता. परंतु घरमालकाची खरी अडचण उरलेल्या निम्म्यात, म्हणजे अंतिम आकडा कसा ठरतो यात आहे.

हा आकडा बहुधा दोन ठिकाणी कापला जातो. पहिली कात्री अपुऱ्या विम्याची. घर बांधायला 20 लाख लागत असतील आणि पॉलिसी 10 लाखांची असेल, तर जुन्या प्रकारच्या आगविमा पॉलिसीत 4 लाखांच्या नुकसानीला 2 लाखच मंजूर होतात, कारण निम्मी जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवली होती असे धरले जाते. आता, ज्यांनी गृहकर्ज घेतले त्यांच्यापैकी कितीतरी जणांची पॉलिसी बँकेने कर्जाच्या रकमेएवढीच काढलेली असते, हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो आणि मूळ कागद बँकेच्या फायलीत पडून राहतो. त्यात घरातले सामान धरले आहे की नाही, हे घरमालकाला पूर ओसरल्यावर कळते. जोखीम स्वतःकडे ठेवण्याचा निर्णय त्याने कधी घेतला, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

दुसरी कात्री घसाऱ्याची, म्हणजे वस्तू जुनी झाल्याने घटलेल्या किमतीची, आणि ‘जुनी ओल’ या शेऱ्याची. आमच्याकडे कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून ती किती हे ठरवणारा, आला तेव्हा गाळ उपसून घर धुऊन झाले होते. रोगराई पसरू नये म्हणून सगळे गाव तेच करत होते. तरी पहिला प्रश्न आला की, नुकसान नेमके कुठे दिसते? भिंत तेव्हा वरून धड होती. पुढे ऊन पडू लागल्यावर जमिनीपासून कमरेपर्यंत गिलाव्याला पोपडे धरले, स्विचबोर्ड उघडल्यावर पाइपांतून वायरीऐवजी चिखल बाहेर आला, सागवानी कपाटाची दारे फुगून चौकटीत बसेनात. दुसऱ्या पाहणीसाठी लेखी विनंती केली, ती मान्यही झाली. पण मंजूर रकमेत गिलाव्यापुढे ‘जुनी ओल’ आणि बाकीच्या सामानापुढे सरसकट निम्मा घसारा लावलेला होता. फ्रिजचे बिल मागितले गेले. ते बिल ज्या खणात होते तो खणच गाळात गेला होता, हे सांगून उपयोग झाला नाही.

नियम नाहीत असे म्हणता येणार नाही. 1 एप्रिल 2021 पासून सर्व साधारण (आयुर्विम्याखेरीज इतर) विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी देणे विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, बंधनकारक केले. तीत पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणे ही संकटे मुळातच धरलेली आहेत, अपुऱ्या विम्याची कपात लागू होत नाही आणि वेगळा तपशील न देताही इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत घरगुती सामान येते. कुंपणाची भिंत आणि पाण्याची टाकीही ‘घरा’त मोडते. आमच्याकडचा पूर त्यानंतर चार महिन्यांच्या आतच आला, तेव्हा बहुतेकांकडे जुन्याच पॉलिसी असणे स्वाभाविक होते. आज मात्र तशी सबब नाही. जून 2024 च्या परिपत्रकात इर्डाने सर्व्हेअर 24 तासांत नेमावा, अहवाल 15 दिवसांत यावा आणि तो मिळाल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, असेही म्हटले आहे. केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून दावा फेटाळू नये, असेही त्यात आहे.

तरीही या सगळ्या मुदतींपेक्षा मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सर्व्हेअरचा अहवाल घरमालकाच्या हाती पडणे. मागितल्यास त्याची प्रत मिळण्याचा हक्क विमेदाराला आहे, पण तो मागायचा असतो हेच बहुतेकांना ठाऊक नसते. त्यांच्याकडे येते ती मंजूर रकमेची एक ओळ आणि ‘दाव्यापोटी पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ अशा मजकुराचे डिस्चार्ज व्हाऊचर. घर उघडे पडलेले, गवंडी आगाऊ पैसे मागतो आहे. अशा वेळी माणूस सही करून मोकळा होतो. कशावर किती वजावट झाली हेच माहीत नसेल तर वाद तरी कशावर घालणार?

कायदा या बाबतीत घरमालकाच्या अगदीच विरोधात नाही. सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले आहे. दबावाखाली किंवा फसवणुकीने घेतलेल्या व्हाऊचरवरील सहीमुळे ग्राहकाचा तक्रारीचा मार्ग बंद होत नाही, हेही त्याच न्यायालयाने 1999 मध्ये म्हटले होते. 50 लाखांपर्यंतच्या भरपाईसाठी विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी आणि तिने ती फेटाळल्यापासून वर्षाच्या आत जायला हवे. जिल्हा ग्राहक आयोगासाठी ही मुदत दोन वर्षांची आहे. परंतु तिथे दबाव सिद्ध करण्याची जबाबदारी पुन्हा त्याच चिखलातून उठलेल्या माणसावर येते.

म्हणून विनंती अशी की, मंजूर रकमेच्या पत्रासोबतच सर्व्हेअरचा संपूर्ण अहवाल आणि वजावटीचा तक्ता, कारणांसह व मराठीत, मागणीची वाट न पाहता देणे इर्डाने कंपन्यांना सक्तीचे करावे, आणि तो दिल्यावर किमान पंधरा दिवस व्हाऊचरवर सही मागू नये. हे होईल तेव्हा होईल. तोवर जिल्हाधिकाऱ्यांनी मान्सूनपूर्व आढावा बैठकीला अग्रणी बँकेलाही (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या) बोलवावे आणि पूररेषेत येणाऱ्या प्रत्येक गृहकर्जदाराला त्याच्या पॉलिसीची प्रत 31 मेपूर्वी पोहोचल्याचा अहवाल बँकांकडून मागून घ्यावा.

आपला विश्वासू,
एक घरमालक, चिपळूण (जि. रत्नागिरी)