काकू, अठ्ठाविसाव्या दिवशी तुम्ही माझा हात अडवलात

प्रिय काकू,

आज सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात, पेंढ्यात अर्धवट झाकलेलं एक अंडं मिळालं. फिकट हिरवट-निळं, अजून कोमट. माझ्या पाच बदकांपैकी कुणी घातलं ते कळलं नाही, कारण पाचही जणी माना उंच करून माझ्याकडेच बघत होत्या. अंडं हातात घेतलं आणि पहिली तुमची आठवण झाली. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही मला जे फोनवर सांगत राहिलात ते आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

इंडियन रनर बदकं पाळायची ठरवली तेव्हा मला एवढंच माहीत होतं की ती उभी चालतात, उडत नाहीत आणि पळतात. ती स्वतःची अंडी क्वचितच नेटाने उबवतात, म्हणून यंत्र लागेल, हे तुमच्याकडून कळलं. नावात ‘इंडियन’ असलं तरी मूळची ती इंडोनेशियातल्या जावा, बाली, लोंबोक या बेटांवरची, हेही तुम्हीच सांगितलंत. तिथे त्यांना दिवसा भातखाचरांत चरायला हाकत नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. तेव्हापासून माझी बदकं रांगेने गोगलगायी शोधत निघाली की मला ती खाचरं दिसतात.

बारा अंडी प्रवासातून आली त्या दिवशी मी ती थेट यंत्रात ठेवायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. “निमुळतं टोक खाली करून एक दिवस नुसती ठेव. धक्क्यांनी आतली हवेची पोकळी हलली असेल, ती बसू दे.” मग ३७.५ अंशांवर अठ्ठावीस दिवस. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, मधोमध एक काळा ठिपका हलत होता. तीन अंडी कोरी निघाली. एक पुढे अठराव्या दिवशी थांबलं. त्या प्रत्येक वेळी मी तुम्हाला फोन केला, आणि एकदाही तुम्ही “तुझं काय चुकलं?” असं विचारलं नाहीत.

पंचविसाव्या दिवशी अंडी फिरवणं बंद केलं, ओल वाढवली, आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. पहिल्या अंड्याला तडा गेला तेव्हा मी आनंदाने झाकण उघडलं. तासाभरात पुन्हा उघडलं. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत, “झाकण उघडलं की ओल जाते. ओल गेली की आतला पापुद्रा सुकतो. सुकलेला पापुद्रा पिल्लाला आवळतो. आता हात मागे घे.” इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या रात्री सहा पिल्लं एकामागून एक बाहेर आली. सातव्याने भोक पाडलं आणि ते तसंच राहिलं. बारा तास, अठरा तास. पहाटे दोन वाजता मी चिमटा उकळून तयार ठेवला आणि तुम्हाला उठवलं. तुम्ही तीनच प्रश्न विचारलेत. चोच हलतेय का? आवाज येतोय का? पापुद्रा पांढरा आहे की सुकून तपकिरी झालाय? चोच हलत होती, आवाज होता, पापुद्रा पांढरा होता. “मग त्याचं काम चालू आहे. उरलेला बलक ते पोटात ओढून घेतंय, पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अजून आत जायचंय. आता कवच सोललंस तर रक्त येईल. बदकाला भोक पाडल्यापासून एक दिवस लागतो, कधी दोनही.”

मी चिमटा ठेवून दिला. एकतिसाव्या तासाला त्याने कवच गोल कापलं आणि ढकलून बाहेर आलं, ओलं, दमलेलं, पुरतं. माझ्या घाईने ते नक्की गेलं असतं. आठवं अंडं मात्र फुटलंच नाही, त्याचं वाईट अजून वाटतं.

तुमच्या ‘थांब’वर मी इतका विश्वास ठेवायला लागले होते की दहाव्या दिवशी एक पिल्लू पाय वाकवून घोट्यांवर बसायला लागलं, तेव्हा मी आपणहून थांबले. दुसऱ्या दिवशी सहज बोलता बोलता तुम्हाला सांगितलं, आणि पहिल्यांदा तुमचा आवाज बदललेला ऐकला. “खायला काय देतेस?” कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य. “त्यात बदकाला पुरेल इतकं नायसिन, म्हणजे एक ‘ब’ जीवनसत्त्व, नसतं. त्यांना कितीतरी जास्त लागतं. ब्रुअर्स यीस्ट आण, आजच, आणि प्रत्येक वेळच्या खाण्यात मिसळ. पाय कायमचे वाकले तर सरळ होत नाहीत.” मी तशीच उठले. आठवड्याभरात ते पिल्लू बाकीच्यांबरोबर पळू लागलं. आज त्याच्या चालीवरून ओळखताही येत नाही.

बाकीचंही किती होतं! खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात, म्हणून खरबरीत कापड. पहिल्या आठवड्यात ३२ अंश ऊब, मग दर आठवड्याला थोडी कमी. पाण्याचं भांडं इतकं खोल की पूर्ण चोच बुडून नाकपुड्या आणि डोळे धुता येतील, पण आत चढता येणार नाही, कारण यंत्रात उबवलेली पिल्लं भिजली की गारठतात.

आवाज फुटल्यावर पाच माद्या आणि दोन नर निघाले. पाच माद्यांत दोन नर राहिले तर माद्यांच्या मानेवरची पिसं उपटली जातील, असं सांगून एकाला तुम्ही तुमच्या कळपात घेतलंत. तो तोच, एकतीस तासांचा. त्याची शेपटीची पिसं आता कुरळी झालीत असं परवा म्हणालात, आणि मला भरून आलं.

आजचं अंडं उबवायला ठेवणार नाही. पहिली अंडी लहान असतात, ती ठेवू नयेत, हे लक्षात आहे. ते भुशात गुंडाळून ठेवलंय. रविवारी घेऊन येते, तुमच्यासाठी. त्यालाही बघायचंय.

तुमची,
पहाटे दोनला फोन करणारी