नागीण कपाळावर उठली तर त्याच दिवशी डोळे तपासून घ्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत नागिणीवर आलेला लेख वाचला. त्यात हा त्वचेचा आजार असून दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो, असं म्हटलं आहे. पाठीवर किंवा बरगड्यांवर उठलेल्या नागिणीबाबत अनेकांना असाच अनुभव येतो. पण कपाळावर उठणाऱ्या नागिणीचा लेखात उल्लेखच नाही, आणि तिथे डोळा पणाला लागलेला असतो. माझ्या थोरल्या बहिणीचा डावा डोळा या आजारात अधू झाला, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

ताईला आधी पुरळ आलंच नव्हतं. केस विंचरताना डोक्याची डावी बाजू हुळहुळते, एवढीच तक्रार होती. मग कपाळात ठणका सुरू झाला. अर्धशिशी समजून गोळ्या घेऊन झाल्या. भुवईच्या वर लालसर चट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड दिसले, तेव्हा 'काहीतरी चावलं असेल' म्हणून मलम मिळालं. ज्यांनी ते दिलं त्यांनी डोळ्याचा विषयही काढला नाही. नंतर नाकाच्या शेंड्यावर एक फोड आला. पापणी सुजून डोळा मिटला तेव्हा कुठे आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे पोहोचलो. त्यांनी सर्वांत आधी बोट ठेवलं ते नाकावरच्या त्या फोडावर.

कारण असं. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणू शरीरातून जात नाहीत. ते मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली, की जागे होतात आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतात. इंग्लंडमधले एक साधे फॅमिली डॉक्टर, एडगर होप-सिम्पसन, यांनी वर्षानुवर्षं आपल्याच रुग्णांच्या नोंदी ठेवून १९६५ मध्ये ही मांडणी केली. मला त्या नोंदवहीबद्दल फार आदर वाटतो. चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूची सर्वांत वरची शाखा कपाळ, वरची पापणी आणि डोळ्याकडे जाते. तिचाच एक फाटा बुबुळालाही संवेदना देतो आणि नाकाच्या शेंड्यालाही. म्हणून शेंड्यावर फोड दिसला की विषाणू डोळ्यातही शिरला असण्याची शक्यता बरीच वाढते. हे निरीक्षण एकोणिसाव्या शतकातले लंडनचे डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांचं आहे आणि आजही ते तपासणीत कामाला येतं. मात्र नाकावर फोड नाही म्हणून डोळा सुरक्षित, असं मुळीच समजू नये.

आमच्यासमोर डॉक्टरांनी कापसाचं टोक वळून त्याचा धाग्यासारखा तंतू केला आणि ताईच्या उजव्या बुबुळाला अलगद टेकवला. पापणी चटकन मिटली. तोच तंतू डाव्या बुबुळाला टेकवला, तर पापणी हललीही नाही. ताई विचारत होती, "लावलं का?" बुबुळाची संवेदनाच गेली होती. असा डोळा कोरडा पडतो, त्यात कचरा गेला तरी कळत नाही, जखम होते आणि ती भरतही नाही. शिवाय बुबुळाला आणि आतल्या भागाला सूज येते, डोळ्यातला दाब वाढतो. हे सगळं आरशात पाहून समजत नाही, स्लिट लॅम्पवरच, म्हणजे नेत्रतज्ज्ञांकडच्या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावरच दिसतं. ताईच्या बुबुळावर आता पांढरट डाग कायमचा आहे. समोरचा माणूस तिला आकाराने कळतो, चेहरा दिसत नाही.

सगळा मुद्दा वेळेचा आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर अशा विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर उत्तम. त्या मिळाल्या नाहीत, तर कपाळावर नागीण उठलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना डोळ्याचा काही ना काही त्रास होतो. वेळेवर दिल्या तर हे प्रमाण बरंच खाली येतं. ७२ तास उलटले म्हणून हताश होऊन घरी मात्र बसू नये. नवे फोड येत असतील किंवा डोळ्याला त्रास असेल, तर डॉक्टर नंतरही औषध सुरू करतात. लाल झालेल्या डोळ्यात कोणाच्या सांगण्यावरून, चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइडचे थेंब टाकणं हे मात्र फार धोक्याचं. या आजारात काही वेळा ते लागतात, पण केव्हा आणि किती, हे नेत्रतज्ज्ञांनीच ठरवायचं. तसाच लाल झालेला डोळा दुसऱ्या एखाद्या विषाणूमुळेही असू शकतो आणि मग त्याच थेंबांनी जखम चिघळते.

फोड सुकले, खपल्या पडल्या आणि घरच्यांना वाटलं की संपलं. ताईचं खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. उशीचा अभ्रा कपाळाला लागला तरी ती कळवळायची. पंख्याचा वारा सहन होत नव्हता. वरून काहीच दिसत नसल्याने 'आता मनावर घेऊ नकोस' हे तिला किती जणांनी ऐकवलं! तिचा तेव्हाचा चेहरा आठवला की आजही माझा जीव तुटतो. पुरळ गेल्यावरही तीन महिन्यांहून अधिक टिकणारी ही वेदना मज्जातंतूला झालेल्या इजेची आहे. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांना ती फारशी दाद देत नाही. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी मज्जातंतूंच्या वेदनेवरची वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरांकडून मागून घ्यावीत. आणि घरच्यांनी त्या माणसावर विश्वास ठेवावा.

नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, ही भीती अजून ऐकू येते. एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पुरतो, म्हणून पुरळ बहुधा मध्यरेषेशी थांबतं. ताईच्या कपाळावर तर मधोमध रेघ मारल्यासारखं ते थांबलं होतं. टोकं मोजत बसण्यात जे दिवस जातात, तेच औषधाचे असतात.

संसर्गाबद्दलही लेखात घोळ आहे. नागिणीच्या रुग्णाकडून दुसऱ्याला थेट नागीण होत नाही. फोडांतल्या पाण्याच्या संपर्काने, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि त्यांची लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवावेत आणि तान्ही बाळं, कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रिया व प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यापासून दूर राहावं. रुग्णाला वाळीत टाकण्याचं कारण नाही.

लसीबद्दल आपल्या लेखात एक ओळही नव्हती, याचं मला सर्वांत वाईट वाटलं. पन्नाशीनंतर घ्यायची, दोन डोसांची लस उपलब्ध आहे. पहिल्यानंतर दोन ते सहा महिन्यांनी दुसरा डोस असतो. तिच्यात जिवंत विषाणू नाही. पन्नाशीपुढच्या लोकांवरील मोठ्या चाचणीत नागीण टाळण्यात ती सुमारे ९७ टक्के परिणामकारक ठरली. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकणही येते. नागीण एकदा होऊन गेलेल्यांनाही ती देतात, पण डोळ्याला त्रास झालेला असेल तर केव्हा घ्यायची हे नेत्रतज्ज्ञांना विचारूनच ठरवावं. ताईने डोळा शांत झाल्यावर त्यांच्या सल्ल्याने घेतली. आम्हा बाकीच्या भावंडांचे दोन्ही डोस झाले आहेत.

आपली,
एक नियमित वाचक
(कृपया नाव छापू नये.)