सही करण्याआधी

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

स्टुडंट व्हिसावर ब्रिटनमध्ये फ्रीलान्स काम चालत नाही, म्हणून तू आजवर एकही चित्र विकलं नाहीस ते बरं केलंस. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर ती आडकाठी नाही. पण विकायचं काय, हे आधी ठरव: चित्राचे हक्क, की चित्र छापायची परवानगी?

तिथला १९८८ चा कॉपीराइट कायदा तुझ्या बाजूचा आहे. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा हक्क सहसा मालकाचा, फ्रीलान्सरच्या चित्राचा चित्रकाराचाच, आणि तो मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. तुझ्या सहीच्या कागदाशिवाय तो विकला जात नाही. करारात ‘असाइनमेंट’ (हक्कच देऊन टाकणं) किंवा ‘ऑल राइट्स’ दिसलं की थांब. ‘लायसन्स’, म्हणजे नुसती छापायची परवानगी, दे आणि त्यात नेमकं लिहून घे: छापणार किती वेळा, कुठल्या देशात, वेबसाइटवर किती दिवस. पुस्तक, कॉफीचा मग, ॲनिमेशन यांचे पैसे वेगळे. मूळ कागद तुझाच राहील, हेही लिहून घे.

तू राहतेस त्या स्कॉटलंडमधल्या डंडीतलंच उदाहरण बघ. व्यंगचित्रकार लिओ बॅक्सेंडेलनी तिथल्या डी. सी. थॉमसन कंपनीच्या ‘बीनो’ या मुलांच्या कॉमिकसाठी मिनी द मिंक्स आणि बॅश स्ट्रीट किड्स ही पात्रं उभी केली. तेव्हा चित्रावर चित्रकाराचं नावही नसायचं. पुढे हक्कांसाठी त्यांनी कंपनीवर दावा लावला. तो सात वर्षं चालला आणि १९८७ मध्ये तडजोडीने मिटला. चित्रं काढण्याच्या उमेदीतली सात वर्षं!

नावाच्या बाबतीत एक मेख आहे. आपलं नाव दिलं जाण्याचा हक्क कायद्यात आहे, पण वर्तमानपत्र किंवा मासिकासाठी काढलेल्या चित्राला तो लागू नाही. म्हणून सही रेखाटनाच्या आतच गुंफ. कोपऱ्यातली सही क्रॉप करताना पहिली उडते.

आता कागदाकडे. छपाईच्या दीडपट आकारात काढ. लहान होताना ०.३ मिलिमीटरची रेघ ०.२ उरते, याहून बारीक रेघ तुटक छापली जाते. न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राच्या कागदावर) शाई पसरते, दाट क्रॉस-हॅचिंगचा, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघांच्या छटेचा, नुसता डाग होतो. दोन रेघांमधली जागा रेघेहून रुंद ठेव. टाकाचं काम १२०० डीपीआयला, निव्वळ काळं-पांढरं स्कॅन कर. ३०० च्या ग्रे स्कॅनमध्ये रेघेच्या कडा छपाईत ठिपक्यांनी कुरतडल्या जातात.

कॉमिकच्या पानावर पेन्सिलीने संवादाचे फुगे आधी, माणसं नंतर. चौकटीत ३५ च्या वर शब्द गेले की पात्रं तळाशी दबतात. आधी बोलणारा डावीकडे उभा कर, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात आणि मग अक्षरं घालणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

‘प्रायव्हेट आय’, ‘स्पेक्टेटर’सारख्या नियतकालिकांना सुटी व्यंगचित्रं सहा-आठच्या गठ्ठ्याने पाठव. एकच विनोद एकाच वेळी दोघांकडे नको. दोघांनीही छापला तर संपादक तुझं नाव विसरणार नाहीत, आणि ते चांगल्या अर्थाने नसेल.

बिल लगेच लाव. मुदत ठरलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. पुढे बँक ऑफ इंग्लंडच्या व्याजदराहून ८ टक्के जास्त दराने व्याज कायद्याने मागता येतं. प्रत्येक अंकाची तारीख आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) वहीत टीप, चित्रकारांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या डॅक्स या संस्थेकडे ‘पेबॅक’चा, म्हणजे छापलेल्या चित्रांच्या फोटोकॉपीबद्दलच्या मानधनाचा, वार्षिक दावा भरताना उपयोगी पडेल.

करार आला की सहीआधी मला पाठव. हक्कांचं कलम बहुधा शेवटच्या पानावर असतं, ते तू स्वतः आधी वाच.

तुझी,
आई