पेप्टाइड येईल तेव्हा येईल, आधी चिठ्ठीचं बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'आता शरीरच बनवणार अँटिबायोटिक' हे आपलं कालचं शीर्षक वाचलं. आत बातमी बरी होती, पण आत जातो कोण? दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिचं 'अँटिबायोटिक घेऊच नका, शरीर स्वतः तयार करतं' असं झालं होतं, वर हात जोडलेले.

बातमीतलं काम असं: फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या सेझर दे ला फुएन्ते यांच्या गटाने २०२१ मध्ये मानवी प्रथिनं संगणकाकडून चाळून घेतली आणि जंतू मारू शकतील असे २६०३ तुकडे, म्हणजे पेप्टाइड, हुडकले. ज्या प्रथिनांचा जंतूंशी काही संबंध नाही, त्यांच्यातसुद्धा ते दडलेले निघाले. त्यातले ५५ प्रयोगशाळेत बनवून पाहिले तर निम्म्याहून अधिक चालले. काम मोठंच आहे, नवल वाटतं. पण 'आता' कुठून आलं? पेप्टाइड गिळलं तर वरणातल्या प्रथिनासारखं पोटात पचून जातं, रक्तातही फार टिकत नाही आणि बनवायला महाग. कोलिस्टिन हे अँटिबायोटिकही पेप्टाइडच, जंतूंपासून मिळालेलं. ते मूत्रपिंडांना किती सोसतं ते आयसीयूतल्या डॉक्टरांना विचारा.

माझा राग वेगळाच आहे. गेल्या वर्षी आईला लघवीचा संसर्ग झाला. कल्चरचा, म्हणजे लघवीतल्या जंतूवर कुठलं औषध चालतं त्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला तर औषधांच्या नावांपुढे ओळीने आर, आर, आर. म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. खाली दोन-तीन ठिकाणी एस, म्हणजे लागू पडणारी, पण ती सगळी इंजेक्शनं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "आजी, आधी कुठल्या गोळ्या घेत होतात?" आईने पर्समधून कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे काढून टेबलावर ठेवले. जळजळ झाली की ती परस्पर खालच्या मेडिकलमध्ये फोन करायची, पोरगा गोळ्या वर आणून द्यायचा. दोन दिवसांत बरं वाटलं की बंद.

त्यातला एक तुकडा सेफिक्झिम या अँटिबायोटिकचा होता. कात्री अशी बेताने चालवलेली की 'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' सांगणारी लाल रेघ आणि एक्स्पायरी दोन्ही पलीकडच्या भागात राहिलेली! हे औषध शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतलं. २०१४ पासून नियम आहे की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपायची. मी त्या दुकानात जाऊन वही मागितली. मालक म्हणाले, "काका, एवढं कोण बघतं? आणि आजींनीच मागितली होती." बिल मागितलं तर तेही नव्हतं. आई मात्र आठवडाभर हाताला सुई लावून पडून होती.

तेव्हा संपादकसाहेब, फिलाडेल्फियाची बातमी जरूर छापा. पण आपल्या वार्ताहराला एकदा संध्याकाळी तीन हात नाक्यापासून तीन पेट्रोल पंपापर्यंत चालत पाठवा. प्रत्येक मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम मागू दे, किती जण नाही म्हणतात ते छापा. त्याला फारसा खर्च येणार नाही, संगणकही लागणार नाही. एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) अधिकारी ती बातमी वाचतील अशी आशा करू. (वाचतील ना?)

जाता जाता एक. कालच्या त्याच पानावर, त्याच बातमीच्या खाली, प्रतिकारशक्ती 'सात दिवसांत दुप्पट' करणाऱ्या काढ्याची अर्धं पान जाहिरात होती. त्या दुप्पटीचा पुरावा आपल्या जाहिरात विभागाने मागितला होता का? आणि तिला जागा द्यायला शब्दकोडं काढलंत, ते आजही आलेलं नाही. आई सकाळपासून विचारते आहे.

आपला,
एक जुना वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)