पॅराकॉर्ड घेताना आवरणाच्या आत पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळी ट्रेकच्या दिवसांत दुकानांत रंगीत पॅराकॉर्डची, म्हणजे वर विणलेले आवरण आणि आत धागे असलेल्या बारीक दोरीची, बंडले लटकू लागतात. त्यांवरचा ‘५५०’ हा आकडा पौंडांचा, म्हणजे सुमारे २५० किलोंचा. नव्या, कोरड्या, बिनगाठीच्या दोरीने सावकाश ताण दिल्यावर एवढे तरी सोसावे, इतकाच त्याचा अर्थ. गाठ मारली की त्यातली तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ताकद जाते.

शिवाय आकडा काय, कोणीही छापतो. म्हणून टोकाचे आवरण चार बोटे मागे सारून आतले धागे मोजावेत. अमेरिकी लष्कराच्या ‘टाइप ३’ दोरीत ७ ते ९ धागे असतात, प्रत्येक तीन पेडांचा. बाजारातल्या बऱ्या दोरीत सात धागे, बहुधा दोन पेडांचे. सामान बांधायला तेही पुरतात. आत बिनपिळाचा पुंजका निघाला किंवा चिमटीत दाबताच दोरी चपटी झाली, तर ती मनगटात घालायच्या कड्यांपुरतीच.

मग दोरी कशाची आहे ते पाहावे. वीतभर तुकडा पाण्यात चोळून आतली हवा काढा आणि सोडा. नायलॉन, पॉलिएस्टर बुडतात, पॉलिप्रॉपिलीन तरंगते. तरंगणारी दोरी सरळ परत करावी: ती उन्हाने लवकर ठिसूळ होते आणि घर्षणाच्या उष्णतेने आधी वितळते. ताडपत्रीसाठी मात्र नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर बरे. नायलॉन भिजले की सैलावते, ताडपत्रीला झोळ पडतो आणि त्यात पाणी साचते. कापलेले टोक काडीने वितळवून आवरण व धागे एकजीव करावेत, नाहीतर आवरण सरकून दोरी पोकळ होते.

खरी काळजी वेगळीच आहे. काही हौशी मंडळी कातळटप्प्यावर हीच दोरी कमरेला बांधून माणसे उतरवतात. घसरणाऱ्या माणसाचा झटका अडीचशे किलोंच्या पुढे सहज जातो. त्यात ताणलेली चार मिलिमीटरची दोरी बेसाल्टच्या धारेवर घासली की कापलीच. नायलॉनवर नायलॉनची दोरी एकाच जागी सरकत राहिली, तरी ती वितळून तुटते. माणसासाठी ईएन ८९२ (युरोपीय मानक) किंवा यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ) प्रमाणित गिर्यारोहणाचा दोरच हवा.

विक्रेत्यांनी बंडलावर धाग्यांची संख्या आणि दोरी कशाची आहे ते लिहावे. ‘माणसाचा भार टाकू नये’ ही सूचना मराठीत, ‘५५०’ इतक्याच मोठ्या अक्षरांत छापावी.

– गिर्यारोहण साहित्याचे जाणकार वाचक, नाशिक